रानवाटेवर फिनाईल

११ जानेवारी

ताई,

पाया पडते. तुम्ही पाय मागे घेणार हे ठाऊक आहे, तरी पडते.

फोन केला की तुम्ही "हं, बरं" म्हणून सूनबाईच्या हातात देता, म्हणून पत्र. तुमच्यापुढे अक्षर आलं की ते वाचल्याशिवाय तुम्हाला राहवत नाही, मग ते साबणाचं वेष्टन का असेना. तेव्हा हेही वाचाल. रागाने वाचा, पण वाचा.

इकडे सगळं ठीक. ह्यांचा गुडघा दुखतो आणि तो दुखत नाही असं सगळ्यांना सांगत हे लंगडत फिरतात. माझं सकाळी देवापुढे बसणं, मग स्वयंपाक, दुपारी हिशेबाची वही, सगळं जागच्या जागी.

बातमी अशी की आपल्या खालच्या मोठ्या रस्त्याखालून बोगदा झाला. माणसांसाठी नव्हे, जनावरांसाठी. हसू नका. जंगलखात्याची एक बाई आली आहे. उंच, पायात बूट, आणि बोलताना हात एवढे हलवते की चहाचा कप तिच्यापासून दूर ठेवावा लागतो. मी तिला जंगलबाई म्हणते. ती सांगते की डोंगरावरचं रान आणि नदीकाठचं रान पूर्वी एकच होतं. मध्ये आपण आलो, आपले रस्ते आले, कुंपणं आली. आता वरची जनावरं वर अडकली, खालची खाली.

"वरच्या अस्वलांनी सोयरीक करायची कुठे, हाच प्रश्न आहे काकू," ती म्हणाली. "जी उरलीत ती सगळी एकमेकांची चुलत नाहीतर मावस."

म्हणून डोंगरापासून नदीपर्यंत, पन्नासेक गावांतून, एक सलग पट्टा मोकळा करताहेत. कुठे कुंपण काढलं, कुठे झाडं लावली, एका ठिकाणी तर रस्त्यावरून पूल बांधून त्यावर माती आणि झुडपं घातलीत. सगळे त्याला रानवाट म्हणतात. एवढ्या लांब वाटेत अडलेला शेवटचा तुकडा कुठला असेल? आपला. वर डोंगराला लागून तुमची जमीन, मग ती भिंत, मग माझी जमीन, मग बोगदा, आणि पलीकडे नदीचं रान.

जंगलबाईने विचारलं, "ही भिंत कुणाची?"

मी म्हटलं, "मोठ्या जाऊबाईंची. त्यांच्या यजमानांनी बांधलेली."

"काढू देतील?"

मी म्हटलं, विचारते.

विचारलं.

तुमची,
धाकटी

२ फेब्रुवारी

ताई,

तुमचं कार्ड मिळालं. "भिंतीला हात लावायचा नाही. बाकी ठीक." तुम्ही घराला कुलूप लावून लेकाकडे गेलात, त्यानंतर आठ वर्षांनी तुमचं अक्षर पाहिलं. 'ठ' अजून तसाच, पोट सुटल्यासारखा. मी ते कार्ड देवाजवळ ठेवलं. ह्यांनी विचारलं, "नकाराला ओवाळणार आहेस का?" मी म्हटलं, नकार असला तरी ताईंचा आहे.

तुम्ही नाही म्हणालात, विषय संपला. मी वाद घालत नाही. भाऊजींनी त्यांचा शेवटचा उन्हाळा त्या भिंतीत घातला, हे मला वेगळं सांगायला नको. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी रोज बघत होते. गवंडी लावला नाही, एकेक दगड स्वतः फिरवून, टोकून बसवला. आणि ती कशापायी उभी राहिली तेही विसरले नाही. तुमची संत्री आणि नदीकडून येणारी हरणं. "तोंडाने देवाचं नाव आणि हरणं माझ्या बागेत!" असं तुम्ही अंगणात उभं राहून म्हणालात, ते तिसऱ्या घरापर्यंत ऐकू गेलं होतं. मी हरणं सोडत नव्हते, ताई. हाकलत नव्हते, एवढंच. आजही आली तर हाकलणार नाही.

पण सध्या हाकलायला येतंय कोण! बोगदा सुरू होऊन तीन आठवडे झाले, आतून एक उंदीरसुद्धा गेला नाही. पलीकडच्या तोंडाशी आपोआप फोटो काढणारा कॅमेरा आहे. त्यात दिसतं की हरणं येतात, थांबतात, नाक वर करतात आणि माघारी वळतात. एक हरीण तर शिंकलं. जंगलबाईने ते शिंकणं मला फोनवर दाखवलं. तिला कारण सापडत नाही. मलाही सापडत नाही. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी जाऊन जरा झाडझूड केली होती, तेवढीच.

सूनबाईला आशीर्वाद सांगा.

धाकटी

१८ फेब्रुवारी

ताई,

आता खरं सांगते. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. ह्यांना सांगितलं तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल, आणि देवाला सांगून झालंय, तो काही बोलला नाही.

मी बोगदा धुतला.

उद्घाटनाला मोठी माणसं येणार, फीत कापणार, म्हणून आदल्या सकाळी बघायला गेले, तर आत काय अवतार! ओली माती पसरलेली, सडका पाला, काटक्या, कुठकुठली लेंडकं. मला वाटलं, कंत्राटदार काम अर्धवट टाकून पळाला. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. देवाच्या घरचे पाहुणे पहिल्यांदा आपल्या दारावरून जाणार आणि त्यांची वाट अशी? घरी येऊन खराटा घेतला, बादल्या घेतल्या. माती खरवडून बाहेर काढली, भिंती घासल्या, आणि मग फिनाईल. चार बाटल्या! फरशी पुसताना झाकणभर फिनाईल ओतायलाही जिचा हात आखडतो, त्या मी चार बाटल्या ओतल्या. बोगदा असा लखलखला की आत पंगत बसवावी.

दुसऱ्या दिवशी सगळे म्हणाले, वा, काय स्वच्छता! जंगलबाईचा चेहरा तेवढा पडला. ती माती आणि पाला तिनेच मुद्दाम घातला होता, जनावरांना आपलं वाटावं म्हणून. तिला वाटलं कंत्राटदाराने साहेबांपुढे मिरवायला साफ केलं. ती त्याच्यावर अशी बरसली की मी साहेबांच्या मागे जाऊन उभी राहिले. त्याने बिचाऱ्याने मुकाट्याने नवी माती आणून टाकली. माणसांच्या नाकाला वास येईनासा झाला. हरणांचं नाक वेगळं.

आणि पकडली कशी गेले? काटकसरीने. रिकाम्या बाटल्या टाकवेनात. चांगल्या घट्ट झाकणाच्या, दिव्याच्या तेलाला होतील म्हणून धुऊन खिडकीत उपड्या लावल्या होत्या. परवा जंगलबाई चहाला आली.

"काकू, ह्या बाटल्या कसल्या?"

"दिव्याच्या तेलाच्या."

"आधी काय होतं त्यांत?"

मी म्हटलं, "साखर पुरे ना?"

तिने एक बाटली उचलली, वास घेतला. मग खिडकीतून खाली बोगद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"काकू."

"अजून एक चमचा घालते."

"काकू, तुम्ही बोगदा धुतलात?"

मी नुसती मान हलवली. तिचे एरवी न थांबणारे हात हलेनात, तेव्हा मला खरी भीती वाटली. मग तिने सगळं सांगितलं. वरच्या साहेबांनी मेअखेरपर्यंतची मुदत दिली आहे. तोवर आपल्या तुकड्यातून जनावरं जाऊ लागली नाहीत तर ते म्हणणार, इथे अर्थ नाही, वाट दुसरीकडून वळवा. आणि दुसरीकडे वाट उरलेलीच नाही, सगळीकडे घरं झाली. म्हणजे पन्नास गावांनी कुंपणं काढली ती काढून राहिली, आणि वरची अस्वलं वरच म्हातारी होणार. माझ्या फिनाईलमुळे.

तुमच्याकडे काही मागत नाही. फक्त कुणाला तरी सांगायचं होतं.

धाकटी

४ मार्च

ताई,

चार पानं! मी ती ह्यांना मोठ्याने वाचून दाखवली. "अगं फिनाईलबाई" इथपासूनच हे असे हसायला लागले की तिसऱ्या पानापर्यंत पोचायला अर्धा तास लागला. (गावभर झालं आहे. व्हायचंच होतं.) तुम्हाला वाचताना ठसका लागला, सूनबाई पाणी घेऊन धावली आणि "कोण गेलं?" म्हणून रडू लागली, हे वाचून तर माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. आणि हो, तुमचे मामा आपल्या ओसरीवरून घसरले ते मी ओसरी धुतली होती म्हणून नव्हे, त्यांचे जोडे झिजलेले होते म्हणून. हे मी पंचवीस वर्षं सांगते आहे.

पण तुम्ही जे लिहिलंत ते मी जंगलबाईला तुमच्याच शब्दांत ऐकवलं: "नव्या मातीने काय होणार? त्या वासाला दुसरा वासच लागेल. माझ्या बागेत भिंतीला लागून आठ वर्षांचा पाला कुजतो आहे. डोंगरावरनं उतरलेली जनावरं भिंतीपाशी अडून तिथेच लोळत असणार, जातील कुठे? तो पाला ने. रस्त्याने वळसा घालून नेशील तर तुझं म्हातारपण जाईल, तेव्हा भिंतीला हातगाडी जाईल एवढं खिंडार पाड. हातगाडीएवढंच. मी मोजायला येईन."

जंगलबाई उठून उभी राहिली. म्हणाली, "काकू, तो पाला मी पहिल्या दिवसापासून बघते आहे. पण मागायचा कुठल्या तोंडाने? त्यांनी भिंतीला नाही म्हटलं होतं."

कप फुटला. पण जुनाच होता.

धाकटी

२० मार्च

ताई,

पाला वाहून संपला. मी, हे, जंगलबाई, आणि कंत्राटदाराची दोन माणसं. कंत्राटदाराला मी खरं काय ते सांगून टाकलं. तो म्हणाला, "काकू, मी खाल्ली ती बोलणी खरं तर तुमच्या वाट्याची होती. आता निदान चहा तरी पाजा." रोज दोनदा पाजते आहे.

पाल्याला वास असा होता की मला नाकाला पदर लावावा लागला, आणि जंगलबाई मात्र ओंजळीत घेऊन हुंगत होती, अत्तर असल्यासारखी. तुमचं खरं होतं. जागोजागी लोळल्याच्या खुणा, केस, साळिंदराचे काटे. ह्यांनी हातगाडी ढकलताना म्हटलं, "ह्या वयात माणसं तीर्थाला जातात, आपण कुजका पाला वाहतोय."

"हेच तीर्थ समजा."

"तीर्थाच्या वाटेवर गुडघ्याला एवढा त्रास नसतो."

"म्हणजे गुडघा दुखतो!"

दोन वर्षांत पहिल्यांदा कबूल झाले.

आणि आता ऐका. पाचव्या दिवशी पहाटेच्या फोटोत पहिला पाहुणा! साळिंदर. काटे फुलवून, बोगद्याच्या मधोमध, रस्ता वडिलोपार्जित असल्यासारखं. मग एक रानमांजर. परवा सहा हरणं. तेच शिंकणारं त्यांत आहे, जंगलबाई शपथेवर सांगते. बोगद्यातून आली, माझ्या शेतातून गेली आणि तुमच्या खिंडारातून एकामागे एक वर निघून गेली. माझा भाजीचा एक वाफा वाटेत साफ केला. मी हाकललं नाही.

जंगलबाईने मला मिठी मारली. मी सोवळ्यात होते, तरी चालवून घेतलं.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं आहे, पण तुम्ही मागच्या दोन्ही पत्रांत विचारलंत की अस्वल गेलं का, म्हणून लिहिते. खिंडारापाशीही आता कॅमेरा लावला आहे, त्यात अस्वल येतं. एक मादी आहे, सोबत पिल्लू. तुमच्या बागेत उतरते, भिंतीच्या कडेकडेने ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालते, खिंडारापाशी थांबते आणि परत डोंगर चढते. जंगलबाई म्हणते, पिल्लू असलेली आई अरुंद जागेत शिरत नाही. पलीकडे काय आहे ते आधी तिला लांबून दिसायला हवं.

मी काही विचारलेलं नाही. फक्त तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

धाकटी

६ एप्रिल

ताई,

"शब्द हातगाडीचा होता." बरं. तुमचं बरोबर आहे, शब्द हातगाडीचाच होता.

तुम्ही पुढे लिहिलंत ते मात्र मी कुणाला वाचून दाखवलं नाही. बाग वाळली, विहीर आटली, घराला कुलूप लागलं, त्यांनी हाताने केलेलं एवढंच एक उभं आहे आणि तेही खडी होऊन लोकांच्या गाड्यांखाली जाणार, असं लिहिलंत. हे वाचून मी दुपारी हिशेबाची वही उघडलीच नाही. हे म्हणाले, आजारी आहेस का.

तेव्हा मला कळलं की तुमचा राग हरणांवर नाही, माझ्यावरही नाही. तुम्हाला ते दगड जायला नको आहेत.

मी सरळ कंत्राटदाराकडे गेले. "भिंत पाडली तर दगडांचं काय करणार?"

"खडी. दुसरं काय होतं दगडाचं?"

"आणि नाही केली तर?"

"काकू, आता दगड धुणार आहात का?"

त्याला उत्तर देत बसले नाही. जंगलबाईला गाठलं. तिला म्हटलं, माझ्या भाऊजींनी टोकून घडवलेले दगड आहेत, ह्यांतला एक जरी जमिनीबाहेर जाणार असेल तर मी ताईंना पुन्हा विचारणारसुद्धा नाही, मुदत गेली तर जाऊ दे. मी चिडून बोलले. ती मात्र उजळलीच. म्हणाली, बाहेर कशाला? वाटेवर असे दगडांचे मोठे ढीग मला हवेच आहेत. त्यांच्या फटींत मुंगसं राहतात, सरडे, ससे, पावसात बारीकसारीक जीव आसरा घेतात. दुसऱ्या गावांत आम्ही दगड विकत आणून टाकले. इथे एवढे देखणे दगड आहेत आणि मी ते खडीला देईन होय?

ताई, भिंत तुमची आहे. तुमच्या मनाविरुद्ध मी तिची चीपही हलवणार नाही, आणि नाही म्हणालात तरी दर पंधरवड्याला पत्र येईलच, त्याची काळजी करू नका. पण तुम्ही हो म्हणालात तर भाऊजींचा एकूण एक दगड तुमच्याच जमिनीत राहील. ते नेहमी म्हणायचे, दगड रिकामा पडू द्यायचा नसतो, त्याला काम द्यायचं.

उत्तराची घाई नाही. (आहे. पण तुमच्या सवडीने.)

धाकटी

१९ एप्रिल

ताई,

तार आल्यासारखं तुमचं कार्ड आलं. "मी येते. मी आल्याशिवाय एकही दगड हलला तर याद राख."

हलणार नाही. तुमची खोली उघडली, झाडली, पुसली. फिनाईल घातलं नाही.

बसमधून खालच्या थांब्यावर उतरा, हे न्यायला येतील.

धाकटी

२४ मे

ताई,

तुम्ही जाऊन दहा दिवस झाले आणि घर अजून तुमच्या आवाजाने दुमदुमतं आहे. म्हणजे हे तुमची नक्कल करतात. बागेत खुर्ची टाकून, डोक्यावर छत्री धरून: "अरे, तो दगड उलटा ठेवलास! पालथा नाही, उताणा! ह्यांनी बघितलं असतं तर कान पिळला असता!" काल कंत्राटदार चहाला आला होता. सांगत होता, पूल बांधले, बोगदे बांधले, पण दगडांचा ढीग रचताना ओळंबा लावायला सांगणारं माणूस आयुष्यात पहिल्यांदा भेटलं. पण त्याने स्वतःच हेही सांगितलं की असे ढीग साऱ्या रानवाटेवर नाहीत. जंगलबाई दुसऱ्या गावच्या लोकांना आणून दाखवते.

पहिला दगड तुम्ही काढलात तेव्हा मी दुसरीकडे बघत होते. तुम्हाला वाटलं असेल मी जनावरं बघते आहे. तेव्हा तिथे कुठलं जनावर असणार, ताई, भर दुपारी.

रात्री आपण दोघी एका खोलीत झोपलो आणि तुम्ही घोरत नाही असं मी सूनबाईला खोटंच सांगणार आहे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. जंगलबाई आज सकाळी पळत आली. बूट काढायची वाट बघितली नाही, माझ्या पुसलेल्या फरशीवरून चिखलाच्या पावलांनी थेट स्वयंपाकघरात, आणि मी काही बोलले नाही, ह्यावरून तुम्ही ओळखा. ती आली. अस्वलीण. उजाडता उजाडता डोंगरावरून उतरली, जिथे भिंत होती तिथे येऊन थांबली, खाली माझ्या शेतापर्यंत, बोगद्यापर्यंत सगळं मोकळं पाहिलं, आणि सासरहून निघालेल्या लेकीसारखी झरझर चालत गेली. बोगद्यात शिरली, पलीकडे निघाली, नदीच्या रानात गेली. फोटो आहेत. जंगलबाईने साहेबांना पाठवले. त्यांचा लगेच फोन आला की हा तुकडा आता कायमचा रानवाटेत धरला. मेअखेरची वाट बघावी लागली नाही.

तुम्हाला फोटो पाठवते आहे, पाचव्यापासून पुढचे नीट बघा. त्यांत पिल्लू आहे. आई सरळ मोकळ्या जागेतून गेली. एवढी रुंद वाट, गाडी वळवून घ्यावी एवढी. पण पिल्लाला काही ती वाट पसंत पडली नाही. ते मागे फिरलं, भाऊजींच्या दगडांचा सगळ्यात उंच ढीग धरला, त्यावर चढलं, एकेक दगड पंजाने हलवून पाहिला की पक्का बसला आहे ना, आणि एकही हलला नाही तेव्हा कुठे समाधानाने पलीकडे उतरलं.

रागावू नका ताई. फोटो बघता बघता माझ्या तोंडून आपोआप निघालं, "भाऊजी, सावकाश."

ह्यांनी ऐकलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "दादाला सांग, खाली रस्ता आता मोकळा आहे."

तुमची,
धाकटी